कुंतीचे कुंपण आणि संत्र्याची बाग

नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा मार्गाला लागून रेल्वेमार्गाच्या पलीकडे वसलेले मनीषनगर हे शहराच्या अलीकडच्या वाढीचे एक ठळक उदाहरण होय. लेआऊट पडले, प्लॉट विकले गेले, घरे उठली, मग सदनिकांच्या इमारती आल्या. फाटकापासून उंबरठ्यापर्यंत जी दहा-बारा फुटांची पट्टी उरली, तिला घरोघरी बाग म्हणतात. या पट्टीत काय लावावे, हा प्रश्न दर पावसाळ्याच्या तोंडावर निघतो. मोठा वृक्ष लावला तर मुळे पायऱ्या उचलतात आणि फांद्या वीजतारांना भिडतात. हंगामी फुले लावली तर चार महिन्यांनी वाफा रिकामा होतो. वर्षभर हिरवे राहील, अंगणाच्या मापात राहील, उन्हाळा सोसेल आणि फुलेल, असे एखादे देशी झुडूप प्रत्येक गृहिणीच्या मनात असते. या सर्व अटींना उतरणारे झुडूप म्हणजे कुंती.

कुंतीला हिंदी भाषक ‘कामिनी’ किंवा ‘मधुकामिनी’ म्हणतात आणि नागपूरच्या रोपवाटिकांत ती या तिन्ही नावांनी मिळते. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव ‘मुराया पॅनिक्युलेटा’. यातील ‘मुराया’ हे नाव लिनियसचा शिष्य आणि गटिंगेन विद्यापीठातील प्राध्यापक योहान आंद्रेआस मरे याच्या स्मरणार्थ ठेवलेले आहे. झाड मात्र आपले आहे. भारतापासून आग्नेय आशियामार्गे ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उष्ण प्रदेशात ते निसर्गतः आढळते. ब्रह्मदेशातील स्त्रिया ‘थनाखा’ नावाचा जो पिवळसर लेप चेहऱ्याला लावतात, तो ज्या झाडांच्या साली उगाळून करतात त्यांत कुंतीचाही समावेश आहे. तिचे लाकूड घट्ट आणि चिवट असल्याने हातातील काठ्या आणि अवजारांचे दांडे त्यापासून केले जात.

संत्र्याची धाकटी बहीण

कुंतीचे एक पान चुरगळून वास घेतला, की तिच्या कुळाचा पत्ता लागतो. लिंबू, संत्रे, मोसंबी, बेल, कवठ आणि आपल्याकडे ज्याला गोडनिंब म्हणतात तो कढीपत्ता, ही सर्व एकाच कुळातील मंडळी. गोडनिंबाला तर कालपरवापर्यंत शास्त्रज्ञ कुंतीच्याच ‘मुराया’ या प्रजातीत मोजत असत. कुंतीची फुले पांढरी, पाच पाकळ्यांची, संत्र्याच्या मोहोराची आठवण करून देणारी. इंग्रजीत तिला ‘ऑरेंज जॅस्मिन’ असे नाव पडले ते या साम्यामुळेच. फुलांनंतर बोराहून लहान, लालभडक फळे धरतात आणि बुलबुल ती आवडीने खातात.

हे नाते केवळ दिसण्यापुरते नाही. संत्र्याच्या बागाईतदाराला ‘ताण’ आणि ‘बहार’ हे दोन शब्द पाठ असतात. उन्हाळ्यात बागेचे पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा आणि मृगाच्या पावसावर झाड फुलवायचे, हा मृग बहार. थंडीत ताण देऊन जानेवारी-फेब्रुवारीत फुलवायचे, तो आंबिया बहार. कुंतीचा स्वभावही याच घडणीचा. कोरडे दिवस काढून भरपूर पाणी मिळाले, की काही दिवसांत सारे झुडूप एकदम पांढरे होते आणि संध्याकाळनंतर तो सुगंध तीन घरे ओलांडून जातो. दोन-तीन दिवसांत पाकळ्या गळतात आणि अंगणात पांढरा सडा पडतो. मग झाड पुढच्या बहारासाठी विश्रांती घेते. वर्षातून असे अनेक बहार येतात, पण पहिल्या पावसानंतरचा बहार सर्वांत मोठा.

लागवड : काळ्या मातीचे गणित

नागपूर परिसरातील भारी काळी माती कसदार खरी, पण तिचे दोन दोष आहेत. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. कुंतीला पाणी हवे, पण पाण्यात उभे राहणे तिला सोसत नाही. म्हणून खड्डा करतानाच काळजी घेतली पाहिजे. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि तेवढाच खोल खड्डा मे महिन्यात खणून उन्हात तापू द्यावा. भरताना अर्धी माती, पाव भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि पाव भाग जाड रेती किंवा बारीक मुरूम घ्यावा. दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. भरलेला खड्डा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटे उंच ठेवावा, म्हणजे श्रावणातल्या झडीचे पाणी बुंध्याशी थांबत नाही.

बांधकाम झालेल्या प्लॉटवर आणखी एक अडचण असते. घर बांधताना उरलेला चुना, सिमेंट आणि विटांचा चुरा अंगणातच पुरलेला असतो. काळी माती मुळातच चुनखडीयुक्त, त्यात ही भर पडली की झाडाला लोह मिळेनासे होते. नवी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागतात. अशा वेळी खताचा डोस वाढवून उपयोग होत नाही. भराव काढून नवी माती घालणे आणि दरवर्षी भरपूर सेंद्रिय खत देणे, हाच टिकाऊ उपाय होय.

रोप लावण्याची उत्तम वेळ म्हणजे दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन खोलवर भिजल्यानंतरची, म्हणजे जूनचा शेवट ते जुलै. एकटे झुडूप वाढवायचे असेल तर त्याच्या चारही बाजूंना पाच-सहा फूट मोकळी जागा हवी. कुंपण करायचे असेल तर दोन ते अडीच फुटांवर एकेक रोप लावावे. दिवसातून निदान चार-पाच तास ऊन मिळाले पाहिजे. सावलीत झाड जगते, हिरवेही राहते, पण फुलत नाही. गॅलरीत वाढवायचे असेल तर चौदा ते सोळा इंचांची कुंडी घ्यावी, तिच्या तळाची छिद्रे मोकळी असावीत आणि दर दोन वर्षांनी माती बदलावी.

घरच्या घरी रोपे करायची तर पिकलेल्या लाल फळातले बी काढून, गर धुऊन लगेच पेरावे. हे बी साठवून टिकत नाही. बियांच्या झाडाला फुलण्यास काही वर्षे लागतात. त्याऐवजी पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या फांदीवर गुटी बांधली, तर साधारण दोन महिन्यांत मुळे सुटतात आणि असे रोप लवकर फुलते.

पाणी, छाटणी आणि नवतपा

पहिली दोन वर्षे कुंती नियमित पाण्यावर वाढवावी. हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा, तर मार्चनंतर एक दिवसाआड पुरते. कुंडीतल्या झाडाला उन्हाळ्यात रोज पाणी लागते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत पाणी पहाटे द्यावे आणि बुंध्याभोवती वाळलेल्या पाल्याचा तीन-चार इंच थर पसरावा. कूलरच्या टाकीत उरलेले पाणी झाडाला घालण्याची सवय अनेक घरांत असते. ती टाळावी. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात आणि तेच क्षार मातीत साठत जातात.

जमिनीत रुजून तीन वर्षे झालेल्या झाडाला मेच्या अखेरीस, नवतप्याच्या सुमारास, दहा-बारा दिवस पाणी कमी करता येते. पाने किंचित मलूल होईपर्यंतच हा ताण द्यावा. पहिला पाऊस पडला की झाड त्याची भरपाई फुलांनी करते. लहान रोपाला आणि कुंडीतल्या झाडाला मात्र हा प्रयोग करू नये.

छाटणीची सर्वांत मोठी चूक म्हणजे कुंपण सतत कात्रीने सारखे करत राहणे. फुले नव्या फुटीच्या टोकाला येतात. दर पंधरा दिवसांनी टोके उडवली तर कुंपण भिंतीसारखे गुळगुळीत होते आणि फूल एकही दिसत नाही. बहार संपल्यावर एकदा छाटणी करावी आणि पुढच्या बहारापर्यंत कात्री बाजूला ठेवावी.

न बोलावता येणारे पाहुणे

झाड वाढू लागले की त्यावर पाहुणे येऊ लागतात. काही हवेसे, काही नकोसे. लिंबू कुळातील झाडांवर अंडी घालणारी फुलपाखरे कुंती शोधत येतात. त्यांच्या अळ्या लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात आणि मोठेपणी हिरव्या होतात. काही पाने त्या खातात, पण निरोगी झाडाला त्याने काही होत नाही. महाराष्ट्राने २०१५ साली ज्या ‘ब्लू मॉर्मन’ला राज्य फुलपाखराचा मान दिला, त्याच्या अळ्याही मुख्यतः याच लिंबू कुळावर पोसतात. अळी दिसताच औषध फवारणाऱ्याने हे लक्षात ठेवावे, की अंगणात फुलपाखरू हवे असेल तर त्याची अळीही सोसावी लागते.

दुसरा पाहुणा इतका निरुपद्रवी नाही. त्याला ‘सायला’ म्हणतात. जेमतेम तीन-चार मिलिमीटर लांबीचा, तपकिरी ठिपक्यांचा हा कीटक कोवळ्या पानावर मागचा भाग वर उचलून तिरका बसतो. त्याची ही बैठक एकदा पाहिली की पुन्हा ओळखण्यात चूक होत नाही. मादी न उमललेल्या पालवीच्या घडीत पिवळी अंडी घालते. पिल्ले रस शोषतात आणि पांढरे मेणचट धागे सोडतात. कोवळे शेंडे वाकडे होतात, आकसतात. कुंतीला यापेक्षा अधिक इजा होत नाही. इजा होते ती दूर कुठेतरी उभ्या असलेल्या संत्र्याच्या झाडाला.

सायला हा ‘ग्रीनिंग’ नावाच्या रोगाचा वाहक आहे. चिनी भाषेत या रोगाला ‘हुआंगलोंगबिंग’ म्हणतात. रोगी झाडाचा रस शोषताना जंतू त्याच्या शरीरात शिरतात आणि पुढच्या झाडावर उतरतात. झाडाची पाने डागाळून पिवळी पडतात, फळे लहान व वाकडी राहतात, पिकली तरी तळाचा भाग हिरवाच असतो, चव कडवट होते. लागण झालेले झाड पूर्ण बरे करणारा उपाय शेतकऱ्याच्या हाती अजून आलेला नाही. हे जंतू कुंतीत फारसे टिकत नाहीत, पण त्यांना वाहून नेणारी कीड मात्र कुंतीवर सुखाने वाढते. संत्र्याला वर्षातून ठरावीक वेळीच पालवी फुटते. पाणी आणि कात्री मिळणारे घरचे कुंपण मात्र बाराही महिने कोवळे असते. किडीच्या दृष्टीने ते सदावर्तच होय.

फ्लोरिडाने भरलेली किंमत

ही गोष्ट केवळ पुस्तकी नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात सायला प्रथम १९९८ साली सापडला. त्या राज्यात कुंती शोभेचे झाड म्हणून मोठ्या प्रमाणावर विकली जात होती. मोठ्या दुकानांच्या बागकाम विभागात कुंड्यांतून ठेवलेल्या या रोपांवर बसून कीड गावोगाव पोहोचली, असे तेथील कीटकशास्त्रज्ञांनी नोंदवले. २००५ साली रोगाचे निदान झाले. त्यापूर्वी २००३-०४ च्या हंगामात फ्लोरिडाचे संत्र्याचे उत्पादन २४ कोटी पेट्या होते. २०२२-२३ मध्ये ते २ कोटी पेट्यांच्याही खाली गेले. वादळांचाही त्यात वाटा आहे, पण मूळ घाव रोगाचाच. ब्राझीलच्या साओ पावलो राज्यात २००४ मध्ये रोग आढळल्यावर अनेक गावांनी कुंती लावण्यास बंदी केली आणि रस्त्याकडेची झाडे काढली. कॅलिफोर्नियात कुंतीचे रोप एका भागातून दुसऱ्या भागात नेण्यावर निर्बंध आहेत.

व्यापारी घराला या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बाग गेली की पॅकिंग, वाहतूक, रसाचे कारखाने, अडत आणि त्यांवर पोसणारी माणसे, सर्व साखळी सैल होते.

नागपूरसाठी हा प्रश्न परका नाही. अठराव्या शतकात भोसल्यांच्या काळात औरंगाबादहून संत्रे येथे आले, असे सांगितले जाते. आज काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर आणि अमरावती जिल्ह्यातील वरूड, मोर्शी हा संत्र्याचा पट्टा आहे. नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि अमरावती मार्गावर केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्था आहे. संत्र्याची बाग पाच-सहा वर्षे खर्च घेते आणि मग उत्पन्न देऊ लागते. तोवर शेतकऱ्याने कलमे, ठिबक, खत आणि मजुरी यांत घातलेले पैसे परत येण्याची वाट पाहायची असते. अशी बाग ऐन उमेदीच्या वर्षांत आजारी पडली, तर तोटा एका हंगामाचा राहत नाही, तर एका पिढीच्या उमेदीचा होतो.

मग कुंती लावावी की नाही?

या प्रश्नाचे उत्तर बंदीत नाही. आपल्याकडे कुंती, सायला आणि त्याचे नैसर्गिक शत्रू ही सर्व मंडळी फार पूर्वीपासून एकत्र नांदत आली आहेत. फ्लोरिडात कीड शत्रूंना मागे टाकून एकटीच पोहोचली, म्हणून ती माजली. तरीही काही पथ्ये पाळणे प्रत्येक घराला शक्य आहे.

पहिले पथ्य जागेचे. मनीषनगरसारख्या दाट वस्तीत, जेथे जवळपास संत्र्याची बाग नाही, तेथे कुंती निर्धास्त लावावी. काटोल-वरूडकडे स्वतःचे वावर असेल किंवा फार्म हाऊसच्या शेजारी कोणाची बाग असेल, तर तेथे कुंतीचे कुंपण करू नये. तेथे मेंदीचे किंवा अडुळशाचे कुंपण चालते. अडुळसाही देशी, सदाहरित आणि पांढऱ्या फुलांचा. त्याची पाने जनावर तोंडात घेत नाही.

दुसरे पथ्य नेण्या-आणण्याचे, आणि हेच सर्वांत महत्त्वाचे. कीड स्वतःच्या पंखांनी फार दूर जात नाही. तिला दूर नेतो तो माणूस. गृहप्रवेशाला, वाढदिवसाला रोप भेट देण्याची सुंदर प्रथा आता रुजली आहे. मात्र शहरातून संत्र्याच्या गावी जाताना कुंतीची कुंडी, गोडनिंबाचे रोप किंवा लिंबाचे कलम गाडीत घालून नेऊ नये. पूजेसाठी वा सजावटीसाठी कुंतीच्या हिरव्या फांद्याही नेऊ नयेत. संत्र्याची कलमे घ्यायची असतील तर ती खात्रीच्या, नोंदणीकृत रोपवाटिकेतूनच घ्यावीत आणि पावती जपून ठेवावी.

तिसरे पथ्य पाहणीचे. जानेवारी-फेब्रुवारी, जून-जुलै आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या काळात नवी पालवी फुटते. तेव्हा आठवड्यातून एकदा शेंड्यांवर नजर फिरवावी. कीड कोवळ्या पालवीवरच अंडी घालते. म्हणून सतत छाटणी आणि युरियाचा मारा टाळून पालवी मर्यादित ठेवली, तर कीड वाढण्याचे कारणच उरत नाही. ज्या घरांत औषध फवारून जीव मारण्याचा संकोच असतो, त्यांना हा मार्ग विशेष पटावा. कीड येऊन मारण्यापेक्षा ती येणारच नाही असे झाड ठेवणे, हे अधिक शहाणपणाचे आणि अधिक स्वस्तही. तरीही शेंडे बाधित झालेच, तर पाण्याचा जोरदार फवारा पहिल्यांदा करून पाहावा. कडुनिंबाचे तेल वापरायचे झाल्यास एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर तेल व साबणाचे काही थेंब घालून संध्याकाळी फवारावे. झाड फुललेले असताना काहीही फवारू नये, कारण त्या वेळी मधमाश्या कामावर असतात.

रासायनिक विषाला या बागेत जागा नसावी, याला एक व्यावहारिक कारणही आहे. सायलाच्या पिल्लांवर वाढणारी ‘टॅमारिक्सिया’ नावाची एक सूक्ष्म गांधीलमाशी आहे. शास्त्राला तिची ओळख झाली ती १९२२ साली, तेव्हाच्या पंजाबातील लायलपूर येथे लिंबाच्या पानांवर. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर लिंबूवर्गीय बागा ग्रीनिंगने खचल्या, तेव्हा १९७८ साली ही गांधीलमाशी भारतातून तेथे नेण्यात आली आणि किडीला आळा बसला. पुढे फ्लोरिडानेही ती मागवली. सरसकट फवारणी केली की कीड काही दिवसांत परत येते, पण हा मित्र आणि त्याच्याबरोबरचे ढालकिडे परत यायला फार वेळ लागतो.

यातील एक गोष्ट मोठी बोलकी आहे. ही गांधीलमाशी प्रयोगशाळेत लाखांच्या संख्येने वाढवायची तर आधी सायला वाढवावा लागतो आणि सायला वाढवायला कोवळ्या पालवीचे झाड लागते. फ्लोरिडातील केंद्रांनी त्यासाठी निवडले ते झाड कुंतीचेच. ज्या झुडपावरून संकट पसरले, त्याच झुडपावर त्याचा उतारा तयार होऊ लागला.

झाडाला दोष नसतो. ते जेथे लावले जाते, जसे वाढवले जाते आणि जिकडे नेले जाते, त्यावर त्याचे बरे-वाईट ठरते. मनीषनगरच्या अंगणातील कुंतीने तेथील घराला सावली, सुगंध आणि हिरवेपणा द्यावा, तिच्या लाल फळांवर बुलबुल उतरावेत, आणि काटोल-नरखेडच्या शेतकऱ्याची संत्री त्याच्या झाडावर निर्धोक पिकावीत. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे मुळीच अवघड नाही. त्यासाठी रोप विकत घेण्यापूर्वी ते कोठे जाणार आहे एवढा विचार, आणि पालवीच्या दिवसांत आठवड्यातील पाच मिनिटांची नजर पुरेशी आहे.